वडिलांनी बसवलेले घरचे कॅमेरे परदेशातून बघायचे असतील तर

प्रश्न असा आहे: वडील महिन्यापूर्वी गेले. साताऱ्याच्या घरी आई एकटी असते. वडिलांनी काही वर्षांपूर्वी चार कॅमेरे आणि डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा) बसवून घेतला होता आणि ते स्वतःच्या मोबाईलवर सगळं बघायचे. आता त्यांच्या ॲपमध्ये डिव्हाइस ‘ऑफलाइन’ दिसतं, पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही, बसवणारा माणूस फोन उचलत नाही. मुलगा जर्मनीत नोकरीला आहे, दिवाळीत पंधरा दिवस घरी येणार आहे. जर्मनीतून कॅमेरे दिसावेत म्हणून काय करावं, की सगळं काढून नवीन बसवावं?

नवीन काही घेऊ नका, निदान इतक्यात नाही. चार कॅमेऱ्यांच्या वायरी भिंतीतून, छपराखालून, पोटमाळ्यातून ओढणं हे या कामातलं सगळ्यात कष्टाचं. ते तुमच्या वडिलांनी करून ठेवलंय आणि ते बिघडल्याचं तुमच्या लिहिण्यात कुठे दिसत नाही. यंत्र तुमच्याकडे आलंय, पण यंत्राच्या लेखी मालक अजून वडीलच आहेत, आणि बहुधा बसवणाराही. जुनं घर ताब्यात घेतलं की आपण पहिल्यांदा कुलूप बदलतो, तेच इथे करायचंय. मोबाईलवर चित्र येणं हा त्यानंतरचा सोपा भाग आहे.

दोन गोष्टी मात्र दिवाळीपर्यंत थांबवू नका, आजच घरी फोन करून सांगा.

पहिली, वडिलांचं सिमकार्ड चालू ठेवा. त्यांचा मोबाईल चार्ज करून ठेवायला सांगा, रिचार्ज संपू देऊ नका, त्यातून कुठलंही ॲप काढू नका आणि फोन फॉरमॅट करून कुणाला वापरायला देऊ नका. कॅमेऱ्याचं खातं त्याच नंबरावर किंवा त्यांच्या ईमेलवर उघडलेलं असणार. पासवर्ड बदलायचा झाला की ओटीपी तिथेच येतो. घरातलं माणूस गेल्यावर मोबाईल नंबर बंद करण्याची घाई सगळीकडे होते, आणि मग दहा मिनिटांच्या कामाला कंपनीशी पत्रव्यवहार करत बसावं लागतं. बाकीच्या कामांसाठीही तो नंबर लागू शकतो.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. डीव्हीआरच्या आतल्या डिस्कवर तुमचे वडील असू शकतात. अंगणात झाडांना पाणी घालताना, फाटक उघडताना, चालताबोलताना. ॲप ऑफलाइन दाखवत असलं तरी डीव्हीआर सुरू असेल तर तो आतल्या आत रेकॉर्ड करतच असतो आणि डिस्क भरली की सगळ्यात जुनं पुसून त्यावर नवीन लिहितो. किती दिवसांचं राहतं त्याचा हिशोब सांगतो. २ मेगापिक्सेलचा कॅमेरा ४ एमबीपीएसने (सेकंदाला ४ मेगाबिट) सतत रेकॉर्ड करत असेल तर ताशी १.८ जीबी, म्हणजे दिवसाला ४३ जीबी होतात. चार कॅमेऱ्यांचे १७० जीबीच्या वर जातात आणि १ टीबीची डिस्क सहा दिवसांच्या आत भरते. पण फक्त हालचाल झाली की रेकॉर्ड करायचं, असं लावलेलं असेल किंवा डिस्क मोठी असेल, तर दीड-दोन महिन्यांपूर्वीचंही सापडतं. तेव्हा आईला विचारा. तिला ते हवं असेल तर कुणाकडून तरी डीव्हीआरचा प्लग आजच काढून ठेवा. दिवाळीपर्यंत रेकॉर्डिंग होणार नाही, हे तिला समजावून सांगूनच करा. बहुतेक ठिकाणी कॅमेऱ्यांचा वीजपुरवठा वेगळ्या एसएमपीएसवरून, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावरून, असतो, त्यामुळे डीव्हीआर बंद असला तरी रात्री कॅमेऱ्याचे अंधुक लाल ठिपके दिसत राहतात आणि बाहेरच्या माणसाला ते बंद आहेत हे कळत नाही. ती डिस्क काढून कुणी लॅपटॉपला जोडू नये. विंडोजला ती वाचता येत नाही आणि ते ‘फॉरमॅट करायचं का’ असं विचारतं. तिथे कुणी ‘हो’ म्हटलं की संपलं. त्याच डीव्हीआरवर पासवर्ड मिळाल्यावर हवा तो भाग एफएटी-३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायचा.

आता यंत्र कुठलं आहे ते बघू. चुलतभावाला किंवा शेजारच्या मुलाला डीव्हीआरच्या मागच्या बाजूचा आणि खालच्या स्टिकरचा फोटो पाठवायला सांगा. मागे गोल, पिळून बसवायचे बीएनसी कनेक्टर असतील तर तो डीव्हीआर, आणि कॅमेऱ्यांपर्यंत जाते ती थ्री प्लस वन केबल. मागे ब्रॉडबँडच्या वायरीसारखी चौकोनी आरजे-४५ सॉकेट रांगेत असतील तर तो एनव्हीआर, म्हणजे नेटवर्क कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर. आपल्याकडच्या घरांत त्या काळी बहुतांश डीव्हीआरच बसले. स्टिकरवर कंपनी, मॉडेल, सिरीयल नंबर आणि बऱ्याचदा क्यूआर कोड असतो. कंपनीवरून ॲप ठरतं: हिकव्हिजनला हिक-कनेक्ट, दाहुआला डीएमएसएस, सीपी प्लसला त्यांचं स्वतःचं, आणि नाव नसलेल्या स्वस्त डब्यांना बहुतेक वेळा एक्सएम-आय. वडिलांच्या मोबाईलमध्ये यांपैकी जे असेल तेच तुमचं उत्तर. स्टिकरचा तो फोटो मात्र नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. सिरीयल नंबर आणि त्यावरचा व्हेरिफिकेशन कोड मिळून अर्धी किल्लीच होते.

पासवर्डकडे येतो. आधी डायरी, डीव्हीआरच्या पेटीवर चिकटवलेला कागद, बिलाची मागची बाजू बघा. वडिलांच्या पिढीतली माणसं हे लिहून ठेवतात. जुन्या हिकव्हिजनचा कारखान्यातला पासवर्ड १२३४५ होता आणि जुन्या दाहुआचं नाव-पासवर्ड दोन्ही ‘ॲडमिन’. साधारण २०१५ नंतरच्या हिकव्हिजनला पहिल्यांदा चालू करतानाच स्वतःचा पासवर्ड ठेवावा लागतो, त्यामुळे तिथे हे चालणार नाही. अंदाजाने पाच-सहा वेळा मारून बघू नका. यंत्र साधारण अर्ध्या तासासाठी दार लावून घेतं आणि लोकांना वाटतं ते बिघडलं.

सापडला नाही तर डीव्हीआरला टीव्ही आणि माऊस जोडा, लॉगिनच्या पडद्यावर ‘फरगॉट पासवर्ड’ असतं. बसवताना दिलेला ईमेल, सुरक्षा प्रश्न किंवा नव्या यंत्रांत वडिलांच्या ॲपनेच क्यूआर स्कॅन करणं, यांतला एक मार्ग उघडा असतो. म्हणून त्यांचा फोन जपायला सांगितलं. तिन्ही बंद असतील तर शेवटचा रीतसर मार्ग कंपनीचा. हिकव्हिजनसाठी सॅडप नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. ते त्याच नेटवर्कवरच्या लॅपटॉपवर चालवून यंत्राकडून एक फाइल काढायची, बिल आणि स्टिकरच्या फोटोसह ग्राहकसेवेला पाठवायची, आणि तिकडून येणारी फाइल किंवा कोड परत यंत्राला द्यायचा. फाइल काढल्यापासून उत्तर येईपर्यंत डीव्हीआर बंद करू नका, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून हे काम सुट्टीच्या पहिल्याच दिवशी हाती घ्या, आणि त्या दिवसांत इन्व्हर्टर नीट आहे ना ते बघा.

कुणी तंत्रज्ञ म्हणाला की ‘आतली बॅटरी काढली की पासवर्ड उडतो’, तर त्याला उघडू देऊ नका. ती नाण्याएवढी बॅटरी फक्त घड्याळासाठी असते. पासवर्ड फ्लॅश मेमरीत असतो, तो बॅटरी काढून जात नाही. काही मॉडेलांना बोर्डावर रीसेटचं बटण असतं, ती गोष्ट वेगळी.

पासवर्ड हातात आला की लगेच ॲपकडे धावू नका. आधी ‘यूजर मॅनेजमेंट’ उघडा. तिथे ॲडमिनखेरीज जी नावं दिसतील ती काढून टाका. जुन्या दाहुआत ८८८८८८ आणि ६६६६६६ अशी कारखान्यातूनच आलेली खाती असायची, ती राहू देऊ नका. ज्याने बसवलं त्याने वाईट हेतूने काही ठेवलं असेल असं मी म्हणत नाही. दुरुस्तीला सोयीचं पडावं म्हणून अनेक जण गावातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना एकच पासवर्ड देतात. पण याचा अर्थ तुमच्या आईच्या घरातलं चित्र त्याच्याकडे काम करून गेलेल्या प्रत्येक पोराला दिसू शकतं. नवीन पासवर्ड लांब ठेवा, त्यात घरातल्या कुणाचं नाव किंवा जन्मसाल नको. ईमेल स्वतःचा टाका.

मग वडिलांच्या मोबाईलवरच्या ॲपमधून ते डिव्हाइस काढा, म्हणजे ‘डिलीट डिव्हाइस’. हा टप्पा लोक विसरतात. एक यंत्र एकाच मालक-खात्याशी बांधलेलं असतं. जुन्या खात्यातून ते मोकळं केल्याशिवाय तुम्ही क्यूआर स्कॅन केलात तर ‘हे आधीच दुसऱ्या खात्यात आहे’ असा संदेश येतो. ते खातं बसवणाऱ्याच्या नंबरावर निघालं तर त्याला शोधून विनंती करा. तेही नाही जमलं तर घरच्या वायफायवर बसून ॲपमधला ‘अनबाइंड’ पर्याय बघा, तिथे डीव्हीआरचा पासवर्ड मागतात आणि तो आता तुमच्याकडे असेल. नवीन खातं भारतात असतानाच उघडा आणि देश विचारला की भारतच निवडा, जर्मनी नको. खात्याचा देश यंत्राच्या देशाशी जुळला नाही तर अडतं आणि तो नंतर बदलता येत नाही.

आता ते ‘ऑफलाइन’ का झालं? मला सगळ्यात आधी शंका येते ती ब्रॉडबँडवर. मधल्या काळात कंपनी बदलली किंवा राउटर बदलून मिळाला, असं काही झालंय का विचारा. बसवणारे डीव्हीआरला कायमचा आयपी पत्ता देऊन ठेवतात, समजा १९२.१६८.०.१०० आणि गेटवे, म्हणजे राउटरचा पत्ता, १९२.१६८.०.१. नवा राउटर येतो १९२.१६८.१.१ घेऊन, जिओफायबरचा असेल तर १९२.१६८.२९.१. डीव्हीआर बिचारा जुन्याच गेटवेला हाका मारत राहतो. नेटवर्कच्या मेनूत जाऊन डीएचसीपी (राउटरनेच पत्ता द्यायची सोय) चालू करा, डीएनएसच्या रकान्यात ८.८.८.८ भरा, मग ‘प्लॅटफॉर्म ॲक्सेस’ किंवा ‘पी-टू-पी’ नावाच्या, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरशी जोडणीच्या, पानावर स्टेटस ऑनलाइन झालं का बघा. बऱ्याच घरांचं दुखणं इथेच संपतं. नाही संपलं तर लॅन केबल तपासा. पोटमाळ्यावर उंदीर ती आवडीने कुरतडतात. सॉकेटपाशी हिरवा-पिवळा दिवा लुकलुकत नसेल तर बहुधा यंत्राचा दोष नाही, वायर तुटली आहे.

इथे एक कळकळीची सूचना. कुणी म्हणेल, ‘राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करून देतो, कुठूनही थेट दिसेल.’ नको म्हणा. ८०, ५५४, ८०००, ३७७७७ ही दारं, म्हणजे पोर्ट, इंटरनेटच्या बाजूने उघडी ठेवणं म्हणजे जगभरच्या स्कॅनरांना आमंत्रण आहे, आणि ही नुसती भीती नाही. २०१६ मध्ये मिराय नावाच्या घातक प्रोग्रॅमने कारखान्यातले पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ला त्यांच्याच जोरावर डाइन या अमेरिकी कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येक तास अडखळल्या. चांगला पासवर्ड असला की पुरे, असंही नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये हिकव्हिजनच्या अनेक मॉडेलांत अशी त्रुटी जाहीर झाली की पासवर्ड न देताच यंत्राचा ताबा घेता येत होता. त्याच महिन्यात दाहुआच्याही लॉगिन चुकवता येणाऱ्या त्रुटी उघड झाल्या. दुरुस्त फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर, आलं, पण घराघरांतल्या डब्यांवर ते कुणी चढवलं? तुम्ही चढवा. मॉडेल नंबर अक्षर न् अक्षर जुळवून, कंपनीच्या भारतातल्या साइटवरूनच घ्या, आणि चढत असताना वीज जाऊ देऊ नका, नाहीतर बोर्ड कायमचा मरतो. राउटरमधला यूपीएनपी पर्यायही बंद करा, कारण तो न विचारता दारं उघडतो.

तसंही आपल्याकडच्या बहुतेक घरगुती जोडण्यांवर पोर्ट फॉरवर्ड चालतच नाही. कंपनी अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देते, याला सीजी-नॅट म्हणतात. राउटरच्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) पानावर १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसला की समजा तुम्ही त्यात आहात. कंपनीच्या ॲपला याचा अडथळा होत नाही, कारण डीव्हीआर स्वतः बाहेर कंपनीच्या सर्व्हरकडे जोडणी करतो आणि तुमचा मोबाईलही तिथेच जातो. तुमच्यासाठी मी हाच मार्ग सुचवेन. परक्या कंपनीच्या सर्व्हरवर भरवसा ठेवायचा नसेल, आणि थोडी तांत्रिक आवड असेल, तर घरी एक रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर किंवा जुना लॅपटॉप ठेवून त्यावर टेलस्केल हे खाजगी जोडणीचं (व्हीपीएन) सॉफ्टवेअर बसवा. ते आतून वायरगार्ड ही कूटबद्ध जोडणी वापरतं आणि सीजी-नॅटमधूनही चालतं. मग डीव्हीआरचं पी-टू-पी पूर्ण बंद करता येतं. पण तो लॅपटॉप अडकला तर आईला तो सुरू करता येईल का, हा विचार आधी करा. जे आईला फोनवर दोन वाक्यांत सांगून दुरुस्त होत नाही ते घरात ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे.

जर्मनीतून बघताना ‘सब-स्ट्रीम’च बघा. चित्र जरा धूसर दिसेल, पण ५१२ केबीपीएसमध्ये भागतं. साताऱ्याच्या जोडणीचा अपलोड वेग कमी असेल तर मुख्य स्ट्रीमवर चारही कॅमेरे एकदम उघडल्यावर चित्र न येता नुसतं चक्र फिरत बसतं. टाइम झोन जीएमटी+५:३० आणि एनटीपी (इंटरनेटवरून घड्याळ जुळवणं) चालू आहे ना बघा. जुन्या डीव्हीआरचं घड्याळ बॅटरी संपल्यावर प्रत्येक वीज जाण्याबरोबर मागे जातं, आणि चुकीच्या तारखेचं फुटेज पोलिसांपुढे ठेवताना फार जड जातं.

लाइव्ह चित्र दिसलं म्हणजे रेकॉर्डिंग होतंय, असं नाही. ही गफलत चोरी झाल्यावरच कळते. डिस्क मेली तरी मोबाईलवर सगळं छान दिसत राहतं. डिस्कचं स्टेटस ‘नॉर्मल’ आहे का बघा, मग कालचं आणि सगळ्यात जुन्या तारखेचं प्लेबॅक उघडून खात्री करा. वडिलांची डिस्क तुम्ही जपून ठेवणार असाल तर नवी घेताना कॅमेऱ्यांसाठीची, म्हणजे डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक घ्या. कॉम्प्युटरची साधी डिस्क चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेली नसते. डीव्हीआरमध्ये एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) असेल तर तो पर्याय निवडा, साधारण तेवढ्याच दर्जाला निम्मी जागा लागते.

एखादा कॅमेरा दिवसा चालतो आणि रात्री ‘व्हिडिओ लॉस’ दाखवतो, असं दिसलं तर कॅमेरा बदलायला धावू नका. अंधार पडला की आतले इन्फ्रारेड दिवे लागतात, करंट जास्त लागतो आणि थकलेला एसएमपीएस तिथे मान टाकतो. १२ व्होल्ट ५ अँपिअरचा नवा एसएमपीएस कॅमेऱ्यापेक्षा खूप स्वस्त पडतो. पावसाने काळे पडलेले बीएनसी आणि डीसी पिनही याच वेळी बदलून घ्या. रात्री सारखे अलर्ट येत असतील तर काचेसमोरचं कोळ्याचं जाळं झाडा. डीव्हीआर, एसएमपीएस, राउटर आणि फायबरचा डबा हे चारही एकाच यूपीएसवर हवेत. एक जरी बाहेर राहिला तरी वीज गेल्यावर तुम्हाला काही दिसणार नाही.

आता आईबद्दल. चार कॅमेऱ्यांपैकी एखादा हॉलमध्ये असेल तर तो चालू ठेवण्याआधी तिला विचारा, आणि तिचं उत्तर काहीही असलं तरी माना. वडील असताना ते दोघांचं घर होतं. आता मुलगा रात्रंदिवस बघतोय, ही जाणीव वेगळी असते. दार, अंगण, मागची बाजू आणि जिना एवढं पुरतं. पडण्याबिडण्याची काळजी असेल तर रोजचा एक फोन आणि शेजाऱ्यांकडे दुसरी किल्ली हे हॉलमधल्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त कामाला येतं. घरकामाच्या मावशींनाही कॅमेरे कुठे आहेत ते दाखवा. न्हाणीघर, कपडे बदलायची जागा यांकडे एकही कॅमेरा वळलेला नको. स्त्रीच्या खाजगी क्षणांचं असं चित्रण भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. शेजाऱ्यांचं दार किंवा खिडकी चौकटीत येत असेल तर डीव्हीआरमधल्या ‘प्रायव्हसी मास्क’ने तेवढा भाग काळा करा आणि त्यांना तसं सांगा. बहीण किंवा भाऊ यांना बघायचं असेल तर ॲपमधून ‘शेअर’ करा, प्रत्येकाचं खातं वेगळं. ॲडमिन पासवर्ड कुणाला देऊ नका. शेअर करताना फक्त लाइव्ह द्यायचं की जुनं रेकॉर्डिंगही, हे बऱ्याच ॲपमध्ये निवडता येतं.

नवीन कधी घ्यायचं? डीव्हीआर इतका जुना असेल की त्याला फर्मवेअरच मिळत नाही, त्याचं ॲप बंद पडलंय किंवा तो फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उघडतो, तर तो बदला. तो ब्राउझर मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२लाच बंद केला. पण फक्त डबा बदला. आजचे बहुतेक डीव्हीआर टीव्हीआय, सीव्हीआय, एएचडी आणि जुना ॲनालॉग असे सगळे सिग्नल घेतात, त्यामुळे वडिलांचे कॅमेरे आणि वायरी तशाच चालतात. नवे नेटवर्क कॅमेरे घ्यायची वेळ आलीच तर सरकारमान्य सुरक्षा चाचणी झालेलं मॉडेल आहे का ते दुकानदाराला विचारा. ९ एप्रिल २०२५ पासून ती सक्तीची आहे.

परतायच्या दोन दिवस आधी घरातच मोबाईलचं वायफाय बंद करून, मोबाईल डेटावर चारही कॅमेरे उघडून बघा. मग मेन स्विच बंद करा, दहा मिनिटांनी चालू करा आणि कशालाही हात न लावता सगळं आपोआप ऑनलाइन येतंय का बघा. आलं नाही तर दुरुस्तीला दोन दिवस हाताशी आहेत. राउटरचा आणि डीव्हीआरचा प्लग कुठला ते रंगीत चिकटपट्टीने खूण करून ठेवा आणि चुलतभावाकडून एकदा तुमच्यासमोर बंद-चालू करून घ्या.